रेघ आपल्या हाती घ्या



कोणतेही बांधकाम घ्या, कोणताही कारखाना घ्या. तेथे दोन प्रकारची माणसे काम करताना आढळतील. वस्तू कशी असावी हे कागदावर ठरविणारा एक, आणि त्या कागदाबरहुकूम वस्तू घडविणारा दुसरा. घडविणाऱ्याच्या अंगी कौशल्य कमी असते असे नाही. पुष्कळदा ते रेघ ओढणाऱ्यापेक्षा अधिकच असते. परंतु दार किती रुंद ठेवावयाचे, ओटा किती उंच करावयाचा, खिडकी कोणत्या भिंतीस द्यावयाची, असा प्रश्न निघाला की सारे जण ज्याच्या हाती कागद आहे त्याच्याकडे पाहतात. निर्णय कागदाबरोबर जातो. आपल्या देशात तर ह्या दोघांमधील भिंत केवळ शिक्षणाने उभी राहिलेली नाही. दगड कोणी फोडावा आणि माती कोणी वाहावी हे पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून ठरविले गेले, आणि लेखणी त्यांच्या हाती जाऊ नये ह्याची काळजीही तितक्याच कसोशीने घेतली गेली.

म्हणून संगणकाच्या साहाय्याने आरेखन करण्याची, ज्यांना सर्वत्र कॅड म्हणतात ती साधने आज आपल्या उंबरठ्यापर्यंत आली असताना त्यांच्याकडे केवळ नोकरीची एक पायरी म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. आपल्या घरातील तरुण मुलांनी व मुलींनी ती शिकावीत; आणि पुस्तकातील नमुने गिरवून शिकण्यापेक्षा, आपल्या घराला खरोखर हवी असलेली एखादी वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत आरेखून ती शिकावीत. ह्या लेखाचे सांगणे एवढेच आहे.

रेघेवरील हक्क जन्माला जखडून टाकण्याचा प्रकार फक्त आपल्याकडेच घडला असे समजू नका. फ्रान्समधील बोन गावी १७४६ साली गास्पार मोंज ह्याचा जन्म झाला. बाप फिरता व्यापारी; घराणे सामान्य. तरुणपणी मोंजने आपल्याच गावाचा मोठ्या प्रमाणावरील नकाशा तयार केला आणि त्यासाठी मोजणीची साधनेही स्वतःच बनविली. तो नकाशा एका लष्करी अधिकाऱ्याच्या पाहण्यात आला व त्याच्या शिफारशीने मोंज मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात गेला. पण तेथे अधिकारी होण्याचे शिक्षण उमराव घराण्यांतील मुलांसाठी राखलेले होते. मोंजला जागा मिळाली ती आरेखक व बांधकाम-कारागीर तयार करणाऱ्या खालच्या विभागात.

पुढे शत्रूच्या माऱ्यापासून सुरक्षित राहील अशी तटबंदी आखण्याचा एक प्रश्न त्याच्याकडे आला. चालू रीतीने त्याची आकडेमोड फार लांबलचक होई. मोंजने तो भूमितीच्या बळावर इतक्या थोड्या वेळात सोडविला की तपासणाऱ्या अधिकाऱ्याने प्रथम त्याचे उत्तर पाहण्याचेच नाकारले. एवढ्या लवकर हिशेब होणे शक्यच नाही, असे त्याचे म्हणणे. घन वस्तूचे वरून दिसणारे व समोरून दिसणारे चित्र एकाच कागदावर एकमेकांशी जुळवून काढले, म्हणजे त्या वस्तूचे हवे ते माप कागदावरूनच मिळविता येते, हे त्या रीतीचे सार होय. लष्कराने ही रीत कित्येक वर्षे गुपित म्हणून दडवून ठेवली. राज्यक्रांतीनंतर, १७९५ साली, पॅरिसमधील एकोल नॉर्माल ह्या संस्थेत मोंजने ती विद्यार्थ्यांपुढे उघडपणे शिकविली. आज आपल्या आयटीआयमधील ड्राफ्ट्समनचा विद्यार्थी वस्तूची समोरची, वरची व बाजूची दृश्ये काढतो, ती ह्याच विद्येच्या आधारावर. ज्याला जन्मामुळे वरच्या वर्गाबाहेर ठेवले, त्याने रेघेचे शास्त्र जगाला दिले, आणि त्याची सुरुवात स्वतःच्या गावाचा नकाशा काढण्यापासून झाली, ही गोष्ट आपण नीट ध्यानात ठेवावी.

आता ती रेघ संगणकावर कशी आली ते पाहू. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत आयव्हन सदरलंड ह्यांनी आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधासाठी स्केचपॅड नावाची योजना सिद्ध केली. प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेघ काढावयाची आणि मग यंत्राला अट घालावयाची: ह्या दोन रेघा समांतर राहोत, ह्या दोन सारख्या लांबीच्या राहोत. हात थोडा कापला तरी हरकत नसे. अट पाळण्याचे काम यंत्राचे. कॅडची कल्पना मुळाशी इतकीच आहे. ज्या यंत्रावर हे चालले ते एका मोठ्या प्रयोगशाळेच्या मालकीचे होते आणि सामान्य माणसाने ते पाहण्याचाही संभव नव्हता. १९८२ साली ऑटोकॅड आले व आरेखन लहान संगणकावर उतरले. २००२ पासून फ्रीकॅड नावाचे खुले सॉफ्टवेअर स्वयंसेवकांच्या श्रमांतून वाढत आले असून त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ते विंडोज, लिनक्स व मॅक ह्या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालते. त्यास मूल्य द्यावे लागत नाही, परवान्याची मुदत संपत नाही. एकेकाळी प्रयोगशाळेच्या दाराआड असलेली गोष्ट आज आपल्याला कोणाच्याही परवानगीवाचून घेता येते. ती घ्यावयाची की नाही, हा प्रश्न आता आपल्यापुढे आहे.

पुष्कळ तरुण ती घेतातही. शहराशहरांत वर्ग निघाले आहेत, तेथे पैसे भरून प्रमाणपत्रे मिळविली जातात. प्रमाणपत्राचा मी विरोधक नाही. नोकरीच्या दारात ते दाखवावे लागते. परंतु त्या शिक्षणाची रीत काय असते? पुस्तकात छापलेला एक यंत्रभाग समोर ठेवावयाचा, त्याची मापे जशीच्या तशी टंकावयाची, आणि चित्र जुळले की पुढचे पान. मुलाला शंभर आज्ञा पाठ होतात; पण हे भोक १० मिलिमीटरचेच का, ही कड गोल का केली, ह्याचे उत्तर त्याला देता येत नाही, कारण तो निर्णय त्याचा नव्हताच. म्हणजे कागद हाती आला, तरी तो दुसऱ्याचाच कागद राहिला. जुनी भिंत पडद्याच्या काचेतून पुन्हा उभी राहिली, एवढेच. ती पाडावयाची असेल तर वस्तू आपली हवी, माप आपले हवे, आणि चुकले तर त्याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागला पाहिजे.

उदाहरणादाखल एक साधी वस्तू घेऊ. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीत अख्खे कुटुंब राहते. मुलीला अभ्यासाला टेबल हवे, पण कायमचे टेबल ठेवले तर रात्री अंथरुणे घालण्यास जागा उरत नाही. तेव्हा भिंतीला दुमडणारे टेबल करावयाचे ठरले. फळी ८०० मिलिमीटर रुंद, ४५० खोल, जमिनीपासून ७५० उंचीवर. फळी ५० मिलिमीटर पुढे येणाऱ्या पट्टीला बिजागऱ्यांनी जोडलेली. खाली दोन त्रिकोणी आधार, जे भिंतीला बिजागरीवर फिरतात. वापरताना ते बाहेर येऊन फळी तोलतात, काम संपले की आत दुमडतात आणि फळी त्यांच्यावर खाली लोंबते.

पहिले काम संगणकावरचे नाही, भिंतीजवळचे आहे. टेप, गुण्या व ओळंबा घेऊन भिंत मोजा. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. वर, मध्ये आणि खाली मोजा. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहावयाचे असेल तर एका भिंतीवर ६०० व दुसऱ्या भिंतीवर ८०० मिलिमीटरवर खूण करा. दोन खुणांमधले तिरपे अंतर १००० भरले तर कोपरा सरळ आहे. प्लायवूडचा तुकडा विकत घेऊन त्याची जाडी स्वतः मोजा; दुकानात १८ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात नेमकी १८ भरेलच असे नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः पडताळून पाहण्याची सवय ही ह्या विद्येची पहिली पायरी आहे, आणि तिचा उपयोग टेबलापुरताच राहत नाही.

मग संगणकापुढे बसा. फ्रीकॅडमध्ये प्रथम सपाट आकृती काढतात, तिला स्केच म्हणतात. चार सुट्या रेघा काढा. प्रत्येक रेघेला दोन टोके, आणि प्रत्येक टोक आडवे व उभे असे दोन दिशांनी सरकू शकते. म्हणजे चार रेघांना मिळून सोळा मोकळिका आहेत. चारही कोपरे जोडलेत की आठ उरतात. दोन रेघा आडव्या व दोन उभ्या राहाव्यात अशी अट घाला, चार उरतात. रुंदी ८०० व खोली ४५० सांगा, दोन उरतात. एक कोपरा मूळ बिंदूवर बसवा, शून्य. त्याबरोबर आकृतीचा रंग हिरवा होतो. आता ह्या आकृतीविषयी काहीही संदिग्ध राहिले नाही, अशी ती खूण आहे. परस्परविरोधी अटी घातल्यात तर यंत्र त्या मुकाट्याने गिळत नाही. विरोध कोठे आहे ते दाखविते. आपण जे बोललो त्यातले काय निश्चित आणि काय मोघम, हे इतक्या उघडपणे दाखवून देणारा शिक्षक सहजासहजी मिळत नाही. ह्या हिरव्या आकृतीला जाडी दिली की फळी तयार झाली. तीमधून भाग कोरून काढला की खाच तयार झाली.

जाडी, रुंदी व खोली ही मापे चित्रात ठिकठिकाणी न पेरता एका तक्त्यात लिहून ठेवा आणि सर्व आकृत्या त्या तक्त्याशी बांधा. पुढे प्लायवूड १८ ऐवजी १७.५ निघाले तर एकच आकडा बदलावयाचा. फळी, पट्टी, खाच सर्व आपोआप सुधारते.

आता ह्या परिश्रमाचे फळ पाहा. प्रत्येक आधार भिंतीपासून ३५० मिलिमीटर पुढे येतो आणि दोन्ही आधार फळीच्या दोन्ही कडांपासून १०० मिलिमीटर आत बसविले आहेत, असे समजा. कागदावर टेबल उघडे असताना सर्व सुरेख दिसते. मॉडेलमध्ये ते दोन्ही आधार आतल्या बाजूस दुमडून पाहा. दोन बिजागऱ्यांमधले अंतर ६००. आधार दोन, ३५० अधिक ३५० म्हणजे ७००. दोघे एकमेकांवर १०० मिलिमीटर चढतात, टेबल दुमडतच नाही! हीच गोष्ट भिंतीत स्क्रू बसल्यावर कळली असती तर फळी, पैसे आणि एक रविवार वाया गेला असता. येथे उपाय शोधणे हे तुमचे काम. आधार आखूड करता येतील, पण मग मुलीने कोपर टेकलेली पुढची कड अधांतरी राहील व बिजागऱ्यांवर ताण येईल. त्यापेक्षा आधार कडांपासून १०० ऐवजी ४० वर न्या. मधले अंतर ७२० होते, ७०० सुखाने मावतात आणि २० शिल्लक राहतात. एक आकडा बदलला आणि वस्तू शक्य झाली. हा निर्णय कोणी दिला नाही, तुम्ही घेतला. तो घेण्याची शक्ती अंगी येणे हेच शिक्षण होय.

तसेच कापणीचे. प्लायवूडचा पूर्ण ताव ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरचा. ३०५ च्या चार पट्ट्या केल्या की बेरीज बरोबर १२२० होते; म्हणून एका रुंदीत चार पट्ट्या निघतील असे वाटते. पण करवतीचे पाते स्वतःची जाडी खाते. प्रत्येक काप ३ मिलिमीटरचा धरला तर तीन कापांत ९ मिलिमीटरचा भुसा होतो आणि शेवटची पट्टी २९६ ची उरते. हे आधी कळले तर माप ३०० चे ठेवता येते, नंतर कळले तर दुसरा ताव आणावा लागतो.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. पडद्यावरची वस्तू कधी मोडत नाही. भिंतीचे प्लॅस्टर भुसभुशीत आहे, पावसाळ्यात त्या कोपऱ्यात ओल येते, अमुक स्क्रू त्या विटेत धरणार नाही, ह्यांतले काहीही आपण काढलेल्या आकृतीला ठाऊक नसते. ते ठाऊक असते सुताराला व गवंड्याला. म्हणून दोन दिवस संगणक शिकून मिस्त्रीपुढे शहाणपण मिरवू नका. हातांनी काम करणाऱ्याचा अवमान करणारी जी वृत्ती आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसली, तीच आपल्या अंगी शिरावयास वेळ लागत नाही. आपले आरेखन घेऊन त्याच्याकडे जा व त्याला विचारा की हे कोठे चुकले आहे. तो बोट ठेवील तेथे दुरुस्ती करा. आपल्या घरात सुतारकाम, गवंडीकाम, फॅब्रिकेशन करणारे वडील, काका, मामा असतील तर त्यांच्यासारखा गुरू नाही. त्यांच्या हाताला जे कळते ते मुलीच्या कागदावर उतरले, तर भिंतीच्या दोन्ही बाजू एका घरात एकत्र आल्या असे म्हणता येईल.

आणि केवळ तरुणांनीच हे करावे असेही नाही. स्वयंपाकघरातला ओटा किती उंच असावा हे आजवर कोणी ठरविले? जो तेथे कधी उभा राहत नाही त्याने. ज्या माऊलीची कंबर त्या ओट्यापुढे दुखते, तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजा आणि तेथून आरंभ करा. वस्तू जी वापरते तिचे माप आरेखनात पहिले असावे. हा शिष्टाचार कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला नाही. तो आपण आणावयाचा आहे.

साधन कोणते निवडावे, हा प्रश्न अनेक जण विचारतात. कारखान्यांत व कचेऱ्यांत ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स अशी विकतची साधने चालतात; नोकरी करावयाची तर ती शिकावी लागतील, ह्यात वाद नाही. परंतु आरंभ खुल्या साधनावर करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. कंपनीने दिलेली मोफत वस्तू ही कंपनीच्या मर्जीची वस्तू असते. ऑटोडेस्कच्या फ्युजन ३६० ह्या साधनाचा वैयक्तिक वापराचा मोफत परवाना होता. २०२० साली त्यावर अशी मर्यादा आली की एका वेळी दहाच फायली संपादनासाठी खुल्या ठेवता येतील. कंपनीचा तो हक्क आहे. पण आपण वर्षभर खपून केलेले काम दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवावे काय, हे आपण ठरवावयाचे. कोणतेही साधन वापरा, आपल्या कामाची एक प्रत स्टेप ह्या स्वरूपात काढून ठेवा. हे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९९४ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि बहुतेक कॅड साधनांना ते वाचता येते. आणि कुलूप फोडलेली चोरीची प्रत संगणकावर घालू नका. स्वाभिमानाने मिळणारे खुले साधन समोर असताना चोरीच्या साधनावर विद्या उभारण्याची आपल्याला काहीच गरज नाही.

आणखी दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला इंग्रजीचा. सगळ्या आज्ञा इंग्रजीत, मग मराठी शाळेतल्या मुलाने काय करावे? माझे उत्तर असे की आरंभाला लागणारे शब्द मोजके असतात, आणि गॅरेजमध्ये काम करणारा आपला पोरगा क्लच, गिअर, पिस्टन हे शब्द कोणत्या इंग्रजी शाळेत शिकला? वस्तू हाती आली की शब्द मागोमाग येतो. एक वही करा. डाव्या बाजूस आज्ञेचा शब्द, उजव्या बाजूस तो काय करतो हे स्वतःच्या मराठीत लिहा. दुसरा आक्षेप संगणकाचा. हे काम मोबाइलवर होणार नाही, आणि प्रत्येक घरी संगणक नाही, हे खरे. पण वस्तीतील अभ्यासिकेत किंवा विहाराच्या सभागृहात दहा घरांनी मिळून एक जुना संगणक ठेवणे अशक्य नाही. त्यावर पहिले सामाईक काम म्हणून त्याच अभ्यासिकेचे पुस्तकांचे कपाट आरेखा. फळीवर पुस्तके किती, सर्वांत उंच ग्रंथ केवढा, लहान मुलाचा हात कोठवर पोहोचतो, हे सर्वांनी मिळून मोजा.

काम शेवटास न्यावयाचे ते असे. मॉडेल झाले की त्यातून कागदी आरेखन काढा. फ्रीकॅडमध्ये त्यासाठी टेकड्रॉ नावाचा विभाग आहे. आपल्या देशात प्रथम कोन पद्धत मान्य आहे, म्हणजे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते. अमेरिकेतल्या धड्यांत ते वर असते, त्याने गोंधळून जाऊ नका. प्रत्येक माप एकदाच आणि स्पष्ट लिहा. मग तो कागद घेऊन वस्तू घडवा अथवा घडवून घ्या. तयार झाल्यावर ती पुन्हा मोजा आणि कागदाशी ताडून पाहा. जेथे फरक पडला तेथे का पडला ते वहीत लिहा. जी वस्तू पडद्यावरच राहिली तिचे शिक्षण अर्धेच राहिले.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक लहान चौकट असते. तीत वस्तूचे नाव, प्रमाण, तारीख आणि आरेखन कोणी केले त्याचे नाव लिहावयाचे असते. आपल्या आजोबांनी उभारलेल्या इमारती ह्या देशात जागोजाग आहेत; त्यांच्या नकाशांवरील त्या चौकटीत त्यांचे नाव नाही. आपल्या मुलीने काढलेल्या टेबलाच्या कागदावर ती चौकट रिकामी ठेवू नका. तिला तेथे आपले पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहावयास सांगा.